छतावरचा कुंभीपाक

मुलांना राजवाडा दाखवायला नेणं हा उधारीचा व्यवहार असतो. शब्द आपण आधी देऊन बसतो आणि तो फेडायची वेळ येते त्या बिचाऱ्या वास्तूवर. बालीतल्या सुटीच्या चौथ्या दिवशी मी धाकट्याला वॉटरपार्कच्या बदल्यात राजवाडा कबूल केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल याचा मला अंदाज होता. मनोरे, सिंहासन, तळघरात निदान एखादा सांगाडा. वय वर्षं सहा. त्याची अपेक्षा मला खोडता आली असती. पण तयार मूल गाडीत बसवणं ही मोठी गोष्ट असते, म्हणून गप्प राहिले.

उबुदहून क्लुंगकुंगला जायचा रस्ता भातखाचरांमधून जातो. आमच्या गाडीचे चालक मादे. बालीत पहिल्या अपत्याचं नाव वायन, दुसऱ्याचं मादे, तिसऱ्याचं न्योमान, चौथ्याचं केतुत आणि पाचवं झालंच तर पुन्हा वायनपासून मोजणी सुरू, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. वायनला पुतू, मादेला काडेक असे पर्यायही असतात. मोठीनं लगेच स्वतःला वायन जाहीर केलं. धाकटा मादे झाला आणि चालकाचं आणि आपलं नाव एकच, या आनंदात पुढच्या सीटवर बसायचा हट्ट धरू लागला. मागे सासूबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रस्त्याकडेच्या वडाला नेसवलेलं काळ्यापांढऱ्या चौकडीचं वस्त्र बघून त्या म्हणाल्या, "झाडालासुद्धा लाज आहे हो इथे."

क्लुंगकुंग हे तसं धकाधकीचं गाव. बाजार, बँका, स्कूटरींची रांग. भर चौकाच्या कोपऱ्यावर एक भिंत आणि भिंतीपलीकडे राजवाडा. तिकिटाबरोबर सगळ्यांना कमरेला सारोंग गुंडाळायला दिलं. धाकट्याचं सारोंग दर दहा पावलांनी घसरत होतं. आत शिरलो तर कमळांचं तळं, तळ्याच्या मधोमध चहूबाजूंनी उघडा असा एक मंडप, कोपऱ्यात उंच जोत्यावर तसाच दुसरा मंडप आणि पलीकडे विटांचा एक भलामोठा दरवाजा. एवढंच.

"राजवाडा कुठाय?"

"हाच."

"ही तर बाग आहे."

मोठी अकरा वर्षांची, शिवाय पुण्याची. तिनं एका नजरेत निकाल लावला. "शनिवारवाड्यासारखं आहे रे. दरवाजा आहे, वाडा नाही."

खरं तर वाडा शाबूत असता तरी धाकट्याचं समाधान झालं नसतंच. बालीतला राजवाडा, म्हणजे पुरी, ही एक इमारत नसते. भिंतींच्या आत चौक, चौकात उघडे मंडप, मंडपाला छप्पर आणि खांब, भिंत असलीच तर एखादी. दगडी मजल्यांवर मजले चढवून दरारा बसवायची रीतच नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी बालीतलं सर्वांत मानाचं राजघराणं जवळच्या गेलगेलहून इथे आलं आणि या पुरीचं नाव पडलं स्मरपुरा. स्मर म्हणजे मदन. मदनाचं नगर. बाली उच्चारात त्याचं सेमारापुरा होतं आणि गावाचं अधिकृत नाव आजही तेच आहे. इथल्या राजाला देव आगुंग म्हणत. बेटावरचे बाकीचे राजे त्याला थोरला मानत, निदान तसं म्हणत तरी.

कोपऱ्यातला उंच मंडप म्हणजे कर्ता गोसा, राजाची न्यायसभा. खालच्या गावकीत न मिटलेले तंटे इथे यायचे. दगडी पायऱ्या चढून वर गेलं की मधोमध कोरीव मेज आणि खुर्च्या मांडलेल्या दिसतात. इथे राजा आणि ब्राह्मण पुरोहित बसत. आरोपी खाली बसायचा. खाली बसलेला माणूस वर बघतो. आणि वर, आतून निमुळत्या होत गेलेल्या छतावर, एकही बोट रिकामं न सोडता नरक रंगवलेला आहे.

मुलं न सांगता खाली बसली. सासूबाईंनी चष्मा बदलला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "कुंभीपाक!"

खरंच कुंभीपाक होता. गाईच्या तोंडाची कढई, खाली जाळ, आत माणसं. शेजारी एकाच्या डोक्यावरून करवत फिरत होती. पुढे एक झाड, त्याला पानांच्या जागी सुऱ्या. "असिपत्रवन," सासूबाईंनी खुलासा केला. भारतापासून हजारो मैलांवर आपल्या ओळखीचं कुणी भेटावं तशा त्या खुलल्या होत्या. एका चित्रात एका बाईच्या छातीला भलीमोठी अळी लागलेली होती. वाटाड्यानं सांगितलं की हिनं आयुष्यात कुणा मुलाला दूध पाजलं नाही, म्हणून ही शिक्षा. मी मनात म्हटलं, चित्रकार पुरुष असणार. सासूबाईही त्या चित्रापाशी थबकल्या आणि काही न बोलता पुढे सरकल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला मूल नव्हतं.

मी मात्र त्या छताचा पुरेपूर उपयोग करून घेतला. हा चोर, ही त्याची कढई. हा आईवडिलांना उलटून बोलला, ही त्याची करवत. कुठल्या चित्राखाली कुठला अपराध आहे हे मला माहीत असायची गरजच नव्हती. आयांना अशा वेळी शास्त्र आपोआप सुचतं. धाकट्यानं विचारलं, "खोटं बोललं तर?" मी दिसेल त्या कढईकडे बोट दाखवलं आणि मोकळी झाले.

पण मुलं घाबरली नाहीत. आरोपींच्या पोटात गोळा यावा म्हणून रंगवलेलं ते छत माझ्या मुलांनी चित्रकोडं सोडवावं तसं सोडवायला घेतलं. कढया, राक्षस, केस धरून ओढले जाणारे जीव, या गर्दीत एक माणूस पुन्हा पुन्हा दिसत होता. धिप्पाड, मिशाळ, कमरेला तेच काळंपांढरं चौकडीचं वस्त्र आणि हाताच्या अंगठ्याला भलंमोठं नख. "तो झाडाचा कपडा घातलेला माणूस कोण?" धाकट्यानं विचारलं.

भीम. ही सगळी चित्रमाला त्याचीच, नाव भीमस्वर्ग. पंडू आणि माद्री नरकात पडले आहेत आणि कुंती भीमाला सांगते, त्यांना सोडवून आण. बरोबर त्वालेन आणि म्रेदाह हे दोन विदूषकी सेवक. भीम नरकात उतरतो, यमदूतांना बडवतो, कढई उपडी करतो, आईबापांना बाहेर काढतो. मग त्यांच्यासाठी अमृत आणायला स्वर्गाकडे निघतो आणि तिथे देवांशी भांडतो.

सासूबाईंना हे पटेना. "नरकात धर्मराज जातो. शेवटी. भीम तर आतच असतो." त्यांचं बरोबर होतं. आपल्या महाभारतात स्वर्गारोहणाच्या वेळी युधिष्ठिराला भावंडांचे आवाज नरकातून ऐकू येतात. पण जावा-बालीच्या लोकांनी हजार वर्षांपूर्वीच महाभारताची पर्वं आपल्या भाषेत नेली आणि पुढे त्यांत आपले प्रश्न मिसळले. पंडूनं हरणाच्या रूपातल्या ऋषीला बाण मारला होता. आपण तो शाप सांगतो आणि पुढे जातो. बालीतल्या कुणाला तरी वाटलं असणार की ब्रह्महत्या झाली, मग तिचा हिशेब कुठे लागला? तो लावायला त्यांनी थोरल्याऐवजी दांडग्या मुलाला पाठवलं. सासूबाई थोडा वेळ वर बघत राहिल्या. "तसंही आहे म्हणा," त्या म्हणाल्या. "धर्मराज गेला असता तर कढईपाशी उभा राहून विचार करत बसला असता."

धाकट्याला त्याची गोष्ट सर्वांत खालच्या पट्टीत सापडली. दोन हंस, मध्ये काठी, काठीला तोंडानं लटकलेलं कासव. "हे माझ्या पुस्तकात आहे!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की पायऱ्यांवरचा एक जर्मन पर्यटक दचकला. पंचतंत्रातलं कासव इथे तंत्रीच्या गोष्टींमधून आलेलं आहे. तंत्री ही प्रधानाची मुलगी. राजाला रोज नवी नवरी लागायची. मुली संपत आल्या, तेव्हा तंत्री स्वतःहून गेली आणि राजाला रोज रात्री प्राण्यांच्या गोष्टी सांगत बसली. तोंडावर जे सांगता येत नव्हतं ते तिनं कासवाकडून, बैलाकडून, सिंहाकडून वदवलं. न्यायसभेच्या छतावर, नरकाच्याही खाली, राजाच्या नजरेच्या सर्वांत जवळ कुणीतरी या मुलीच्या गोष्टी मांडल्या होत्या.

"ही चित्रं किती जुनी?" मोठीनं विचारलं.

वाटाड्या प्रामाणिक होता. मूळ चित्रं कापडावर होती, ती विरली. 1930 मध्ये जवळच्या कामासान गावच्या चित्रकारांनी सगळं पुन्हा रंगवलं. ते खराब झालं, तेव्हा 1960 मध्ये पुन्हा, या वेळी कापडाऐवजी अॅसबेस्टॉसच्या पत्र्यांवर. अडीचशेहून जास्त तुकडे.

"म्हणजे हे खरं नाही," धाकटा म्हणाला. "कॉपी आहे."

नंतर आम्ही त्या कामासानलाही गेलो. गाव चौकापासून अगदी जवळ, दक्षिणेला. एका घराच्या ओट्यावर एक बाई कापड ताणून बसल्या होत्या. कापडाला तांदळाची खळ द्यायची, वाळवायचं, मग कवडीनं घासून घासून गुळगुळीत करायचं. रेघा जाणता चित्रकार काढतो, रंग घरातले बाकीचे भरतात, बायका आणि मुलंसुद्धा. काळा काजळीचा, पांढरा हाडं जाळून केलेला. माणसांचे चेहरे छायानाट्यातल्या चामड्याच्या बाहुल्यांसारखे, अणकुचीदार, मोठ्या डोळ्यांचे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथीच्या पोथ्याही जपतात आणि चामड्याच्या बाहुल्याही नाचवतात. त्यांच्या ओट्यावरून ही बाई उठून आली असती तरी नवल वाटलं नसतं. धाकट्याला कवडी घासायला मिळाली. पाच मिनिटं जीव लावून घासल्यावर त्यानं जाहीर केलं, की ही कॉपी करायला खूप वेळ लागतो.

पण ते नंतर. न्यायसभेतून उतरून आम्ही आधी तळ्यातल्या मंडपात गेलो. तिथल्या छतावर पान ब्रायुत आणि मेन ब्रायुत हे गरीब जोडपं आहे, त्यांना अठरा मुलं. आई भातापाशी, बाप मुलांपाशी, मुलं सगळीकडे. राजानं आपल्या डोक्यावर हे रंगवून घ्यावं याचं मला फार अप्रूप वाटलं. मुलांनी अठरा मोजायचा प्रयत्न केला आणि दर वेळी आकडा वेगळा आला.

मग दरवाजा.

लाल विटा आणि राखाडी दगड, पायरीपायरीनं वर निमुळता होत जाणारा, अंगभर कोरीवकाम. त्यात मध्येच टोपी घातलेली परदेशी माणसंही कोरलेली आहेत. दार बंद आहे. मागे वाडा नाही. मुलांना हे फार विचित्र वाटलं. भिंत नसलेल्या घराचं दार बंद कशाला ठेवायचं?

"मागचं कुठे गेलं?" मोठीनं विचारलं.

मला माहीत होतं. निघण्यापूर्वी वाचलं होतं. डच लोकांनी बेटाचा उत्तर भाग आधीच घेतला होता, दक्षिणेची राज्यं एकेक करून पडत होती. 1908 मध्ये त्यांनी अफूच्या विक्रीचा मक्ता क्लुंगकुंगवर लादला. त्यावरून दंगा झाला, माणसं मेली आणि डचांना हवं होतं ते निमित्त मिळालं. फौज आली. 28 एप्रिलला देव आगुंग जांबे पांढरी वस्त्रं नेसून राजवाड्याबाहेर पडला, बरोबर दोनशेच्या आसपास माणसं. हातात घराण्याचा पिढीजात क्रिस, नागमोडी पात्याचा खंजीर. त्या खंजिराच्या बळावर शत्रूचा नाश होईल असं भाकीत होतं. समोर बंदुका होत्या. राजा गोळी लागून पडला. त्याच्या सहा राण्यांनी तिथेच स्वतःला खंजीर मारून घेतले. मागचे लोक त्यांच्या मागे गेले. याला पुपुतान म्हणतात. पुपुत म्हणजे संपणं, पुरं होणं. त्या मिरवणुकीत बायका होत्या. मुलं होती. त्यानंतर वाडा पाडला गेला, हे दार आणि ते दोन मंडप राहिले.

यातलं मी मुलांना काय सांगितलं? "युद्ध झालं. राजा शूर होता. पण समोर बंदुका होत्या ना, मग हरला."

"आणि राजाची माणसं?"

"तीही लढली."

कढईतली माणसं, करवतीखालची माणसं, छातीला लागलेली अळी, हे सगळं मी तासभर बोट दाखवून दाखवून सांगितलं होतं. सांगताना मजाही वाटली होती. तो नरक कुणीतरी रचलेला, म्हणून त्यातल्या किंकाळ्या बिनधोक. इथे, खऱ्या जमिनीवर, ऐन उन्हात माझी जीभ अडखळली आणि मी दोन ओळी गाळल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही ते वाचलेलं होतं, मीच त्यांना छापून दिलं होतं. त्यांनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढल्या.

आवारातल्या लहानशा संग्रहालयात जुने फोटो आहेत. राजघराण्यातली माणसं, दरबारी, गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर काढलेले. पुपुताननंतर हद्दपार होऊन लोंबोकला गेलेला घराण्यातला वारस 1929 मध्ये परत येऊन गादीवर बसला, आणि पुढच्याच वर्षी छताची चित्रं नव्यानं रंगवली गेली. मधल्या काळातही न्यायसभा बंद नव्हतीच. तिथे कोर्ट भरत राहिलं, फक्त खुर्च्यांमध्ये डच अधिकाऱ्याची खुर्ची आली. जपानी आले तोवर, 1942 पर्यंत, हे चाललं.

मोठी पाटी वाचत होती. तिनं हिशेब केला. "म्हणजे ज्यांनी वाडा पाडला तेच त्या छताखाली बसून दुसऱ्यांचा न्याय करत होते?"

"हो."

"वर बघत असतील ना?"

मी म्हटलं, "बघत असतील." ती पुढच्या फोटोकडे गेली. तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघताना मला वाटलं, आता ती मला विचारेल. तिनं विचारलं नाही. मुलांना आपण कुठे थांबलो ते बरोबर कळतं. विचारायचं की नाही हे मग ती ठरवतात.

त्या रात्री झोपताना धाकट्याला तंत्रीची गोष्ट हवी होती. मी कासव सांगितलं, मग बैल आणि सिंह सांगितले. सांगता सांगता तंत्रीचा विचार मनातून जाईना. तिनं प्राणी पुढे केले ते राजानं ऐकावं म्हणून. मी दिवसभर भीम पुढे केला तो मुलांनी विचारू नये म्हणून. साधन तेच, वापर उलटा.

परतीचं विमान रात्रीचं होतं. सामान गाडीत टाकून मादेंनी आम्हाला देनपसारला, शहराच्या मधल्या मैदानावर सोडलं. मुलांना पळायला जागा हवी होती आणि मला त्यांना दमवायचं होतं. मैदानाचं नाव वाचलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पुपुतान बादुंग. क्लुंगकुंगच्या आधी, 20 सप्टेंबर 1906 ला, बादुंगच्या राजानं आणि त्याच्या माणसांनी याच भागात तेच केलं होतं. आणि मैदानाच्या एका कडेला, उंच चौथऱ्यावर पुतळा आहे. एक पुरुष, एक स्त्री आणि दोन मुलं. चौघांच्याही हातात शस्त्रं. मुलं मागे लपलेली नाहीत. आईबापांबरोबर, त्याच आवेशात.

पुतळ्यासमोर गवतावर फुटबॉल चालला होता. एक लहान मुलगी चौथऱ्याला टेकून आईस्क्रीम खात होती. एक बाप आपल्या पोराला खांद्यावर घेऊन पुतळ्याकडे हात करून काही सांगत होता आणि पोरगं माना डोलावत होतं.

"दोन मुलं," मोठी म्हणाली.

धाकट्यानं मादेंचा हात ओढला. "ती वाचली का?"

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, पण मादेंनी उत्तर देऊनही टाकलं. "नाही," ते म्हणाले. आवाज तोच, पहिल्या दिवशी वायन, मादे, न्योमान, केतुत मोजतानाचा. हळू केला नाही, गंभीर केला नाही. मग ते खाली बसले आणि धाकट्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागले. शाळेत असल्यापासून आपण इथे खेळायला येतो, तेव्हा आपल्या वडिलांनी हे सांगितलं होतं, असं ते म्हणाले.

धाकट्यानं पुतळ्याकडे पाहिलं, मग फुटबॉलकडे. "मी जाऊ?"

"जा."

तो गेला. सासूबाई सावली बघून बसल्या. मोठी माझ्याजवळच उभी राहिली. चौथऱ्यावरच्या थोरल्या मुलाची उंची साधारण तिच्याएवढीच होती.

"आई, तू परवा त्या दरवाज्यापाशी हे सांगितलं नव्हतंस."

"नव्हतं सांगितलं."

आम्ही गवताच्या कडेला बसलो. पलीकडे धाकट्याला कुणीतरी गोलकीपर केलं होतं आणि तो अजून त्या सारोंगची सवय असल्यासारखा दोन्ही हातांनी चड्डी वर ओढत उभा होता. मी अफूपासून सुरुवात केली. मग दंगा, फौज, पांढरी वस्त्रं, खंजीर, राण्या. या वेळी मुलं गाळली नाहीत.